पाठ तेवढी राहिली

मी एक जुना दगड आहे. डोंगर उभे राहिले, समुद्र मागे सरकले, राजे आले आणि गेले, या सगळ्याचा मी मूक साक्षीदार आहे. म्हणजे, दगडाने स्वतःबद्दल असंच बोलायची पद्धत आहे. खरं सांगायचं तर तेव्हा मी केलांतान नावाच्या मुलखातल्या एका गढूळ नदीच्या तळाशी पालथा पडलो होतो आणि मला काहीही दिसत नव्हतं.

माझी घडण पाण्याने केली, असं म्हणतात. पाण्याला माझ्यात विशेष रस होता असं नाही. ते समुद्राकडे चाललं होतं, मी वाटेत होतो. घासून घासून मी गोल झालो, मग चपटा झालो, आणि एक दिवस तोक बेसाह नावाच्या सुईणीच्या हाताला लागलो. तिला शेकासाठी दगड हवा होता. तिने माझ्यासारखे आणखी काही दगड पदरात भरून घरी नेले आणि निखाऱ्यांवर ठेवले. एकेक करून सगळे फुटले. एकाची कपची उडून शेजाऱ्याच्या कोंबड्याला लागली आणि त्यावरून दोन घरांत बोलणं बंद झालं. मी फुटलो नाही. मित्रांनो, पुढे आयुष्यभर लोकांनी माझी जी कीर्ती गायली तिच्या मुळाशी एवढंच कर्तृत्व आहे. मी फुटलो नाही.

मग माझी नोकरी सुरू झाली. गावात कुणी बाळंत झाली की तोक बेसाह मला कापडात बांधून तिच्या घरी घेऊन जायची. चुलीत मला तापवायचं, वर नोनीची पानं गुंडाळायची, त्यावर जुनं कापड, आणि मग बाळंतिणीच्या पोटावरून, मांड्यांवरून, कमरेवरून, पाठीवरून मला हळूहळू फिरवायचं. चव्वेचाळीस दिवस बाईने घराबाहेर पडायचं नाही. गार पाणी नाही, काकडी नाही, आंबट नाही. भाजलेला मासा, गरम भात, मिरी. पोटाला लांबलचक पट्टा करकचून बांधायचा. आणि रोज मी.

"आई गं! भाजलं की, तोक!" एखादी ओरडायची.

"भाजायलाच आणलाय त्याला. पोराच्या वेळी ओरडून गाव गोळा केलास, तेव्हा नाही लाज वाटली? आता एवढ्याशा दगडाला घाबरतेस!"

बाई हसायची. हसली की पोट दुखायचं, पोट दुखलं की पुन्हा तोकला शिव्या द्यायची. तोक शिव्या ऐकत शेकत राहायची. बायका म्हणायच्या, बेसाहचा दगड लागला की हाडं आपापल्या जागी जाऊन बसतात. हाडं कुठे गेली होती ते मला माहीत नाही. पण मी गरम असायचो, तोकचा हात जड असायचा, आणि त्या खोलीत दुपारभर कुणीतरी बाईच्या अंगाला हात लावून बसलेलं असायचं. श्रेय मला मिळायचं. मीही कधी हरकत घेतली नाही.

तोक बेसाहची मुलगी मेक नाब. तिच्या बाळंतपणातही मीच होतो. पाळण्यात जी मुलगी निजलेली असायची ती सुहैदा, घरची इदा. आई मला बघून कण्हायची आणि इदा मला बघून हसायची. पुढे काय वाढून ठेवलंय हे दोघांनाही माहीत नव्हतं. तिला लहान म्हणून, मला दगड म्हणून.

मग तोक गेली. बायका इस्पितळात बाळंत व्हायला लागल्या आणि तिथे दगड आत नेऊ देत नाहीत. मेक नाब बातिकचं कापड विकायची. तिला शेकणं येत होतं पण कुणी बोलावत नव्हतं. अखेर तिने मला बुडूच्या बरणीवर ठेवलं. बुडू म्हणजे मिठात मुरवलेले मासे. बरणीचं झाकण उडू नये म्हणून वर वजन लागतं. ज्या दगडाने अख्ख्या गावाच्या कमरा सरळ केल्या, तो आता सडक्या माशांवर पहारा देत होता. माझ्या अंगाला तो वास असा बसला की पावसातही जाईना. कुणी तक्रार केली नाही. मला नाकही नाही, पण माणसं माझ्याजवळून जाताना तोंड फिरवायची, त्यावरून कळायचं.

इदा मोठी झाली, लग्न होऊन दक्षिणेला जोहोर बारूला गेली. नवरा फौझान. तो रोज पहाटे मोटरसायकलवरून समुद्रावरचा पूल ओलांडून सिंगापूरला कारखान्यात जायचा आणि संध्याकाळी परत यायचा. तिथला पगार इथे बरा पुरतो, म्हणून त्या शहरातली निम्मी माणसं हेच करायची. इदाला दिवस गेले. सातव्या महिन्यात मेक नाबने बरणीवरून मला उचललं, राख आणि लिंबू लावून घासलं, आणि बसमध्ये बसली.

"मेक, पिशवीत काय दगड भरलेत काय?" बसवाला पिशवी उचलताना कण्हत म्हणाला.

"हो," मेक नाब म्हणाली.

चौथ्या मजल्यावरच्या त्या घरात तिने मला स्वयंपाकघराच्या कपाटात बिस्किटांच्या डब्यात ठेवलं. "तुझे दिवस भरत आले की मी परत येतेच," ती इदाला म्हणाली. "तोवर याला हात लावू नकोस. आणि गॅसवर तर मुळीच ठेवू नकोस, मी कोळसे आणते." मग ती पुढच्या फेरीची तयारी करायला गावी गेली.

आणि सगळा देश बंद झाला.

तुम्हाला ते दिवस आठवत असतील. घराबाहेर पडू नका. कुणाकडे जाऊ नका, कुणाला घरात घेऊ नका. गरम पाणी प्या, वाफ घ्या, स्वतःची काळजी घ्या. टीव्हीवर मोठमोठे लोक येऊन हे समजावून सांगत होते आणि लोक नवं काहीतरी ऐकल्यासारखं ऐकत होते. मी डब्यातून ऐकत होतो. माझ्या गावच्या प्रत्येक बाईने हे सगळं दर बाळंतपणात केलं होतं. त्यावर कधी कुणी पत्रकार परिषद घेतली नव्हती. पुरुषांना मात्र आठवड्याच्या आत घर खायला उठलं.

पूल बंद होण्याच्या आदल्या दिवशी फौझानला ठरवायचं होतं, या बाजूला राहायचं की त्या बाजूला. या बाजूला बायको होती, त्या बाजूला नोकरी. दोन आठवड्यांचाच प्रश्न आहे, सगळेच म्हणत होते. तो कपड्यांची पिशवी घेऊन गेला. कारखान्याने वरच्या मजल्यावर गाद्या टाकून दिल्या होत्या. प्रसूतीला अजून महिना होता. तोवर सुटेल सगळं, असं त्या दोघांनी ठरवलं.

सुटलं नाही. आणि मूल जन्माला आलं ते श्वास न घेताच आलं. कुणाची काही चूक नव्हती. डॉक्टरांनी तसं सांगितलं आणि ते खरंही होतं. मुलगा होता. नाव ठेवलं, न्हाऊ घातलं, पांढऱ्या कापडात गुंडाळलं, आणि मशिदीच्या चार अनोळखी माणसांनी तोंडाला फडकी बांधून त्याला पुरलं. बाप पलीकडच्या किनाऱ्यावरून फोनच्या पडद्यात बघत होता. फोन धरणाऱ्या माणसाचा हात हलत होता. त्यामुळे फौझानला बराच वेळ नुसतं आभाळ दिसलं.

इदा एकटीच घरी आली. जाताना तिचं पोट सगळ्या मजल्याने पाहिलं होतं. येताना कुणी पाहिलं नाही, कारण सगळी दारं लागलेली होती.

दुसऱ्या दिवशी मेक नाबचा फोन. इदाने तो स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवला होता, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"दगड काढलास?"

"कशाला?"

"कशाला म्हणजे? शेकायला. मला येता येत नाही, तर तुलाच करायला हवं. काढ त्याला. आता कोळसे राहू देत, ठेव गॅसवर."

"मा, बाळ नाही तर बाळंतपण कसलं?"

पलीकडे मेक नाबने पायात आलेल्या कोंबड्या हुसकावल्या. मग म्हणाली, "बाळ नाही हे तुला माहीत आहे, मला माहीत आहे. पोटाला कुठे माहीत आहे? ते बिचारं दमलंय ते दमलंयच. शेक त्याला."

इदा बरं म्हणाली आणि काही केलं नाही. भात केला नाही, पट्टा बांधला नाही, मला डब्यातून काढलं नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. रोज दुपारी आई विचारायची, शेकलंस? ही सांगायची, शेकलं. चौथ्यांदा विचारल्यावर मेक नाब म्हणाली, "मग आवाज ऐकव. दगडावर पाण्याचा थेंब टाक आणि फोन जवळ धर."

इदाने रिकामी कढई गॅसवर तापवली आणि तिच्यात पाणी शिंपडलं.

"ही कढई आहे," मेक नाब म्हणाली.

"मा—"

"इदा, माझं सगळं आयुष्य त्या दगडाच्या आवाजात गेलं. कढई तडतडते. दगड नुसता श्वास सोडतो. आईला कढई ऐकवतेस? बापाच्या वळणावर गेलीस अगदी. तोही असाच खोटं बोलायचा, आणि त्यालाही जमायचं नाही."

इदा हसली. कित्येक दिवसांत पहिल्यांदा. आणि हसता हसता जमिनीवर बसून रडली. मग उठून तिने कपाट उघडलं.

अशा रीतीने मी पुन्हा कामाला लागलो. गॅसवर! निळ्या ज्योतीवर, भांडी घासायच्या साबणाच्या शेजारी. दर दुपारी इदा मला तापवायची, थेंब टाकायची, आणि शेकडो मैलांवरून मेक नाब कान देऊन ऐकायची. मी श्वास सोडला की म्हणायची, "हां. आता गुंडाळ."

एकटीने शेकणं सोपं नाही, मित्रांनो. पोटाचा पट्टा बांधायला दोन माणसं लागतात, एक धरायला आणि एक गुंडाळायला. इदा पट्ट्याचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधायची, दुसरं पोटाशी धरायची आणि स्वतःभोवती गिरक्या घेत खिडकीपर्यंत जायची. बाहेरून कुणी पाहिलं असतं तर ही बाई नाचतेय असं वाटलं असतं. पोट शेकता यायचं. मांड्या यायच्या. कंबर जेमतेम. पाठीला मात्र तिचा हात पोचायचा नाही. तिने मला जमिनीवर ठेवून माझ्यावर उताणं पडून पाहिलं. मी टोचलो. भिंतीला टेकवून पाहिलं. मी घसरलो आणि तिच्या टाचेवर पडलो. मग तिने पाठीचा नाद सोडून दिला. पाठ तेवढी राहिली.

आणि नेमकी ती पाठच दुखायची.

नोनीची पानं नव्हती. फौझानचा जुना टीशर्ट गुंडाळून चाललं होतं, पण मेक नाब ऐकेना. "पानांशिवाय शेक म्हणजे नुसती इस्त्री. माग कुणाकडे तरी." म्हणून इदाने मजल्याच्या ग्रूपवर एक ओळ टाकली: कुणाकडे नोनीची पानं आहेत का?

आता तुम्हाला सांगायला हवं. त्या मजल्यावर सगळे आमच्यातलेच लोक. बंद घरात पोटुशी बाई, आणि ती नोनीची पानं मागतेय, म्हणजे दगड तापलाय. दगड तापलाय म्हणजे बाळ झालंय. याला आणखी काही सांगावं लागत नाही. पाच मिनिटांत फोनवर अभिनंदनाचा पाऊस पडला. हात जोडलेले, फुलं, देवाची कृपा. इदाने उत्तर लिहायला घेतलं. लिहिलं, पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. मग फोन पालथा ठेवला.

कुणी जास्त विचारलंही नाही. बाळंतिणीच्या दारात गर्दी करायची नसते आणि तान्ह्याचं कौतुक करायचं नसतं, दृष्ट लागते. फोटोही मागायचा नसतो. एरवीही कुणी फिरकलं नसतं, आता तर बंदीच होती. लोकांनी आपलं रीतीप्रमाणे केलं. दाराच्या लोखंडी जाळीला पिशव्या अडकवल्या. नोनीची पानं आली. मग लंगोट आले, दुपटी आली, पायमोजे आले. अंगठ्यात घालता येतील एवढे पायमोजे.

शेजारच्या कक सरिया, म्हणजे सरियाताई, रोज मासा भाजून आणायच्या. पन्नाशीची बाई, आवाज असा की तिसऱ्या मजल्यालाही ऐकू जावा. थाळी जाळीपाशी ठेवायच्या, दोन पावलं मागे सरकायच्या आणि तोंडावरच्या फडक्यातून ओरडायच्या.

"खाल्लंस का? मिरी घातलीय. मिरची नाही, घाबरू नकोस. आणि केस ओले ठेवू नकोस! काय गं, आवाज येत नाही तो तुझ्या पोराचा? माझ्या तिन्हींनी हा मजला डोक्यावर घेतला होता. गुणी दिसतोय. की मुलगी?"

"मुलगा," इदा आतून म्हणाली.

"गुणी आहे हो."

"झोपतो," इदा म्हणाली.

एवढंच. एकच शब्द. कक सरिया हसल्या, "झोपू दे, झोपू दे. नंतर तुलाच झोपू देणार नाही," आणि गेल्या. इदा बराच वेळ दारामागे उभी राहिली. दुसऱ्या दिवशी तिने आलेले लंगोट धुतले आणि बाहेरच्या दोरीवर वाळत घातले.

मी दगड आहे. मला हे समजायला वेळ लागला. त्या कबरीत ते मूल मेलेलं होतं. कारखान्याच्या वरच्या मजल्यावर, बापापाशी, मेलेलं होतं. आईच्या गावी मेलेलं होतं. फक्त या एका कॉरिडॉरमध्ये, दहा बंद दारांच्या मागे, ते जिवंत होतं आणि गुणी होतं आणि झोपत होतं. इदाला ते हातचं सोडवेना.

पण तिच्या शरीराला यातलं काही कळत नव्हतं. दूध आलं. घ्यायला कोणी नव्हतं, म्हणून साठलं. छाती दगडासारखी झाली. दगडासारखी म्हणजे कशी, ते मी सांगू शकतो. ताप चढला. तिने आईला सांगितलं नाही. एका दुपारी तिने उचललं तेव्हा मी हातातून निसटून ओट्यावर आपटलो, आणि फोनमधून मेक नाबचा आवाज आला, "काय झालं? दगड का पडला?"

मग सांगावं लागलं. मेक नाबने आधी दवाखान्याला फोन करायला लावला. नर्सने गोळ्या सांगितल्या, आणि उद्यापर्यंत ताप उतरला नाही तर निघून ये म्हणाली. मग मेक नाब म्हणाली, "आणि मोगरा लाव. फुलं ठेचून छातीवर बांध, दूध आटतं. तुझ्या शेजारणीच्या कुंडीत मोगरा आहे, मी पाहिलाय. माग तिच्याकडे."

"नको."

"का नको? भांडण झालंय?"

"नाही."

"मग?"

"मोगरा मागितला की त्यांना कळेल, मा."

"काय कळेल?"

इदाने सांगितलं. लंगोटांचंही सांगितलं.

"आणि तो चालायला लागल्यावर काय करणार आहेस?" मेक नाब म्हणाली. "शाळेत कुठल्या घालणार?"

"मा, असं नको ना बोलू."

"मग कसं बोलू?"

"इथे तरी आहे ना तो. या मजल्यावर तरी आहे. मी मोगरा मागितला की इथूनही जाईल."

मेक नाबचा आवाज बदलला. "मला नातू बघायला मिळाला नाही, इदा. फोनवरसुद्धा नाही. आता अंगात ताप घेऊन तू तिथे पडलीस आणि मी इथे कोंबड्यांना दाणे टाकत बसले, तर माझं काय राहिलं? ऊठ. जा त्या जाळीपाशी. मी फोन ठेवत नाही."

संध्याकाळ व्हायच्या आधी कक सरिया थाळी घेऊन आल्या. इदा जाळीपाशी येऊन उभी राहिली होती. तिने मला कापडात गुंडाळून पोटाशी धरलं होतं, गार झालो होतो तरी.

"अगं, उभी का? बस आत. मासा आज बांगडा आहे."

"कक, तुमच्याकडे मोगरा आहे ना?"

"आहे की. भरलाय नुसता. आंघोळीच्या पाण्यात टाकतेस? छान वास येतो, पण थोडीच—"

"आंघोळीला नको. जास्त लागेल."

"जास्त कशाला लागतो मोगरा बाळंतिणीला—"

आणि कक सरिया थांबल्या. तिसऱ्या मजल्याला ऐकू जाणारा तो आवाज मधेच बंद पडला. त्यांनी इदाच्या छातीवरच्या, दुधाने ओल्या झालेल्या कपड्याकडे पाहिलं, मग दोरीवरच्या लंगोटांकडे. थाळी त्यांच्या हातातच राहिली.

"कधी?" त्यांनी विचारलं.

"तेव्हाच."

कक सरिया थाळी खाली ठेवून आपल्या घरात गेल्या. आतून कात्रीचा आवाज आला. परत आल्या तेव्हा परडीत मोगरा होता, फुललेला, अर्धा मिटलेला, हिरव्या कळ्यासुद्धा. कुंडीत नुसत्या काटक्या उरल्या होत्या.

जाळीतून एकेक मूठ त्यांनी आत दिली. मग म्हणाल्या, "नाव काय ठेवलंत?"

हे कुणीच विचारलं नव्हतं. सगळ्यांना वाटत होतं तो जिवंत आहे, म्हणून दृष्टीच्या भीतीने विचारलं नव्हतं.

"हारिस."

"हारिस," कक सरिया म्हणाल्या. हळू म्हणाल्या. त्यांना हळू बोलता येतं हे त्या मजल्याला माहीत नव्हतं. "आणि तू हे सगळं एकटीने? शेकसुद्धा?"

"पाठ सोडून. पाठीला हात पोचत नाही."

"तो दगड इकडे दे. नाही, आधी तापव. तापवून आण."

इदाने मला तापवलं. थेंब टाकला, मी श्वास सोडला, फोनमधून मेक नाब म्हणाली, "हां." पानं, कापड. मग इदा जमिनीवर बसली आणि तिने पाठ जाळीला टेकवली. बाहेरच्या बाजूला कक सरिया मांडी घालून बसल्या, तोंडाला फडकं, हातात भांडी घासायचे रबरी मोजे. मी जाळीच्या मोठ्या चौकटीतून बाहेर गेलो आणि गजांच्या मधून त्यांनी मला तिच्या पाठीला लावलं.

इदाच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी तोक बेसाहच्या दिवसांनंतर ऐकला नव्हता.

"भाजलं?" कक सरियांनी विचारलं.

"नाही. राहू द्या. तिथेच राहू द्या."

खालच्या अंगणातून पहारेकऱ्याने शिट्टी वाजवली. "ओ चौथा मजला! दारात बसायचं नाही! अंतर ठेवा!"

"ठेवलंय की!" कक सरिया खाली न बघता ओरडल्या. "मधे लोखंड आहे, दिसत नाही का? ये वर, मोजून जा!"

तो वर आला नाही. त्या शेकत राहिल्या आणि रडत राहिल्या. नाक पुसता येईना, हातात मोजे होते. फोनमधून मेक नाब सांगत होती, "खाली घे, कमरेकडे. आता वर. खांद्याच्या पात्यापाशी थांब. जोर लाव गं बाई, ती काय काचेची आहे?" दोघी एकमेकींना कधी भेटल्या नव्हत्या. दोघी मिळून एका पाठीवर काम करत होत्या.

ताप दोन दिवसांनी उतरला. दूध हळूहळू आटलं. गोळ्यांनी की मोगऱ्याने, ते मला सांगता येणार नाही. मेक नाबच्या मते दगडाने. दोरीवरचे लंगोट कुणीतरी काढून, घडी करून पिशवीत घालून जाळीला अडकवले. कक सरियांनी दारोदार सांगितलं असावं. त्या दिवशी ग्रूपवर फक्त मासेवाल्याने विचारलं, बांगडा कुणाला हवाय. मग दर दुपारी कुणी ना कुणी जाळीपाशी यायचं. पाठ शेकायला सहा बायका तयार झाल्या. त्यांत वाद झाले. एकीचा हात फार हलका आहे असं बाकीच्यांचं म्हणणं पडलं.

फौझान बऱ्याच महिन्यांनी परत आला, आधी एका हॉटेलच्या खोलीत बंद राहून. घरी आल्यावर आधी ते दोघं कबरीवर जाऊन आले. मग त्याने ओट्यावर मला पाहिलं आणि विचारलं, "हे काय?" इदा म्हणाली, "माचा दगड." त्याने मला हातात घेतलं, तोललं, आणि अगदी सावकाश, झोपलेल्या मुलाला ठेवावं तसं, खाली ठेवलं. त्याला मूल ठेवायची सवय नव्हती. मी थोडा कलंडलो.

मित्रांनो, शेवटी आमची काळजी घ्या, आम्हाला अडगळीत टाकू नका, असं सांगायचा आम्हा जुन्या वस्तूंचा रिवाज आहे. माझी घेऊ नका. मला काय होतंय? नदीत टाकलंत तरी मी पुन्हा पालथा पडून राहीन. पण कुणी दार लावून एकटं स्वतःला सांभाळत असेल, वेळेवर जेवतोय, औषध घेतोय, फोनवर बरा आहे म्हणतोय, तर त्याच्यावर एवढ्या चटकन विश्वास ठेवू नका. कढईचा आवाज कोणता आणि दगडाचा कोणता, ते जरा कान देऊन ऐका. आत जाता आलं नाही तर जाळीपाशी बसा. आणि त्याच्या घरातलं कुणी गेलं असेल तर त्याचं नाव विचारा. लोक नाव विचारायला घाबरतात. ते उगाच घाबरतात.

दोन वर्षांनी इदाला पुन्हा दिवस गेले. सगळं सुरळीत झालं, मुलगी झाली, ती अजिबात गुणी नाही. या खेपेला मेक नाब कोळशांची पिशवी घेऊन वेळेवर येऊन पोचली. पण फौझानने आधीच विजेवर तापणारा एक पट्टा मागवून ठेवला होता. तो पाठीलाही बांधता येतो.